उलटा ‘के’

सॅन होजेत आल्यावर पहिली काही वर्षं बेसबॉल मला कंटाळवाणा वाटायचा. मग ऑफिसातल्या एका सत्तरीच्या सहकाऱ्यानं मला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मॅचला नेलं, सगळ्यात वरच्या स्वस्त रांगेत बसवलं आणि हातात पेन्सिल अन् कोरं स्कोअरकार्ड दिलं. तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बॅट फिरवून चुकला तर ‘के’ लिहायचा. नुसता बघत उभा राहिला तर तोच ‘के’ उलटा. मोसमात एका संघाच्या १६२ मॅचेस. आमचे हे सहकारी, बुवा, जमेल तेवढ्या लिहितात, हरलेल्यासुद्धा. दहात तीनदा हिट मारणारा इथे थोर ठरतो, त्यामुळे कार्डावर अपयशच जास्त.

तेव्हापासून वाइनचा शौकीनही मी याच मापानं मोजतो. महागडी बाटली उघडणं म्हणजे मैदानालगतचं तिकीट काढणं. खिसा असला की झालं. खरा शौकीन तीन अनुभवांनी ठरतो.

मी पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, म्हणून माझ्या लेखी पहिला अनुभव खुड्याचा. एका सप्टेंबरात नापाच्या वाइन-खोऱ्यात ओळखीच्या बागेत रात्री दोनला डोक्याला दिवा बांधून काबर्ने सोव्हिन्यो द्राक्षं खुडली. रात्री, कारण गार घड वाटेत आंबत नाहीत. मणी करवंदाहूनही लहान, साल जाड, आत बिया. खायची म्हटली तर आमचे बाबा पेटीत भरणार नाहीत! घरी थॉमसन जातीच्या द्राक्षांना १८ ब्रिक्सच्या आसपास गोडी आली की खुडा सुरू व्हायचा. इथे २४-२५ पर्यंत थांबतात. मात्र खाली वाकून खुंट पाहिला आणि घरी आल्यासारखं वाटलं. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा किडीनं फ्रान्सच्या बागा उठवल्या, त्या वाचल्या अमेरिकी खुंटावर कलमं बांधून. बाबांनी क्षारपड जमिनीसाठी लावलेला डॉगरिज खुंटही मूळ टेक्सासचाच.

दुसरा अनुभव म्हणून कॅलिस्टोगाची शातो मॉन्टेलेना वायनरी पाहावी. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखवल्या. पांढऱ्यांत मॉन्टेलेनाची शार्डोने पहिली आली, लालमध्ये नापाच्याच स्टॅग्स लीप वाइन सेलर्सची काबर्ने; दोन्ही १९७३ च्या. शिकागो कब्ज संघाचे लोक १०८ वर्षांनी, २०१६ मध्ये जिंकलेल्या वर्ल्ड सीरिजबद्दल ज्या सुरात बोलतात, तोच सूर नापात अजून ऐकू येतो.

तिसरा अनुभव कुणी मागून घेत नाही. मुलीच्या जन्मवर्षाची झिन्फांडेल मी तिच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी राखली होती. तीही स्वयंपाकघरातल्या कपाटावर, उकाड्यात. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, हे ठाऊक असूनही दरवर्षी ‘अजून थोडं’ म्हणत गेलो. उघडली तर रंग चहासारखा, वास शिळ्या मनुकांचा. मुलीनं एक घोट घेतला आणि सरबत मागितलं.

बुवा जेवायला होतेच. त्यांनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि खिशातली पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

बाटली अजून ओट्यावर आहे. लेबलवर उलटा ‘के’, आणि खाली तारीख.