‘स्मृतिचित्रे’ : ग्रंथातील आणि पडद्यावरील

कवीच्या विरहावर आधारलेल्या चित्रपटांत बहुधा कवी झुरतो, कवीच गातो. जिच्यासाठी झुरतो ती मात्र मूक राहते. १९८३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतील उत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या श्रीमती विजया मेहता यांच्या ‘स्मृतिचित्रे’ची तऱ्हा याहून निराळी आहे. येथे आठवण काढणारी आहे ती कवीची पत्नी.

नाशिककरांस ही कथा घरचीच. लक्ष्मीबाई या नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या, जन्म १८६८चा. लहान वयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. १८९५ साली टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि बाल दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. वैधव्य नव्हे आणि धड सौभाग्यही नव्हे, अशा त्या अवस्थेला आपल्या समाजात नावच नव्हते!

पुढे अहमदनगरास दोघांचा संसार पुन्हा मांडला गेला, तेव्हाही आरंभी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पतीच्या आज्ञेने नव्हे. जातिभेद हा माणसानेच निर्मिला, अशी त्यांच्या स्वतःच्या मनाची खात्री पटली तेव्हा.

टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि १९३६ साली नाशिकासच त्यांनी देह ठेवला.

या ग्रंथात रडगाणे नाही. पतीचा विक्षिप्तपणा, स्वतःची फजिती, दारिद्र्य, सारेच त्या हसत सांगतात. दुःख आणि विनोद एकाच वाक्यात नांदतात. पडद्यावर प्रसंग दाखविता येतो. परंतु चाळीस वर्षांनी त्याच प्रसंगाकडे क्षमेने पाहणारी दृष्टी दाखविणे फार कठीण. म्हणून चित्रपट पाहिलेल्यांनीही मूळ ग्रंथ वाचावा, आणि शक्य तर घरात मोठ्याने वाचावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

कुटुंबातील एखाद्याने निराळी वाट धरली की आपण त्याच्या गुणदोषांची चर्चा करतो; मागे राहिलेलीची कीव करतो, तिला सांभाळतोही. तिलाही स्वतःचे मन असते, आणि निर्णय तिचाच असावा, हे मात्र आपणांस किती वेळा सुचते?