एकाच शनिवारच्या दोन राण्या

पैनगंगेपल्याड : लेखांक आठवा

६ फेब्रुवारी १९३२ हा दिवस मराठी सिनेमाच्या इतिहासात ठळक अक्षरांत छापला जातो. त्या शनिवारी मुंबईत प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि मराठी सिनेमा बोलू लागला. त्याच शनिवारी, त्याच मुंबईत, कृष्णा सिनेमा नावाच्या थिएटरात ‘भक्त प्रह्लाद’ लागला, हे मात्र आपल्याकडे कोणी छापत नाही. तो पहिला तेलुगू बोलपट. इकडे तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. तिकडे हिरण्यकशिपूची राणी, जिला आपण कयाधू म्हणतो आणि तेलुगूत लीलावती म्हणतात, ती झाल्या होत्या सुरभि कमलाबाई. पहिल्या बाईंवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले, त्यांनी स्वतःही लिहिले. दुसऱ्या बाईंचे नाव मराठीत फारसे उच्चारलेही जात नाही, आणि घराण्याचा माग काढला तर त्या आपल्यातल्याच निघतात.

कमलाबाई आदिलाबादच्या नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो. तरी त्यांना या लेखमालेत आणण्याचे कारण आदिलाबादेतच सापडते. गेल्या वेळी आपण किनवट आणि राजुऱ्याबद्दल वाचले. १९५६ पर्यंत हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यात होते, भाषावार रचनेत ते इकडे आले. नदीच्या पल्याड जे राहिले त्यांत शेतकरी, व्यापारी, देशमुख-देशपांडे आहेत आणि ‘आरे’ म्हणवणारे लोकही आहेत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, विशेषतः सिरपूर-आसिफाबादच्या बाजूला, त्यांची मोठी वस्ती आहे. घरात मराठीच्या अंगाची बोली, बाजारात तेलुगू. हेच नाव पुढे करीमनगर, वरंगळपर्यंत जाते आणि तिथून थेट रायलसीमेत उतरते. आपले पूर्वज शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले, असे ही मंडळी सांगतात. अशा कथांना कागदाचा पुरावा मागण्यात अर्थ नसतो. महाराजांच्या दक्षिण दिग्विजयानंतर त्या मुलखात मराठी माणूस स्थिरावला, एवढे इतिहासाला मान्य आहे. फौजेची चाकरी संपल्यावर यांतल्या काही कुटुंबांनी पोटासाठी चामड्याच्या बाहुल्या हाती घेतल्या. पिंगुळीचे ठाकर नाचवतात तशाच या बाहुल्या, फक्त आकाराने कितीतरी मोठ्या. आंध्रात या खेळाला तोलुबोम्मलाटा म्हणतात. खेळ तेलुगूत चाले आणि पडद्यामागचे घरगुती बोलणे मराठीत.

१८८५ साली कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभि नावाच्या गावी या कुटुंबांपैकी वनारस गोविंदराव यांनी एका लग्नाच्या निमित्ताने ‘कीचकवधम्’ हे नाटक केले. बाहुल्या खाली ठेवून माणसेच उभी केली. गावाचे नाव मंडळीला चिकटले, आणि पुढे त्या घराण्यातला प्रत्येक नट आपल्या नावाआधी ‘सुरभि’ लावू लागला. कुटुंब वाढले की नवी मंडळी फुटे. एके काळी अशा पन्नासच्या आसपास मंडळ्या आंध्र-तेलंगणात फिरत होत्या. ट्रिकसीन हा त्यांचा हुकमी एक्का. ‘मायाबाजार’मध्ये हवेतून येणारा घटोत्कच आणि भर रंगमंचावर एकमेकांवर आदळून पेटणारे बाण पाहायला लोक बैलगाड्या जुंपून येत.

मला मात्र ट्रिकसीनपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. सुरभीत सुरुवातीपासून बायकांची कामे बायकाच करत. त्या काळात हे किती वेगळे होते, ते आपल्या रंगभूमीकडे पाहिले की कळते. इकडे बालगंधर्व ‘मानापमान’मध्ये भामिनी होत होते आणि महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्याकडे पाहून नेसण्याची ढब ठरवत होत्या. बायकांच्या वेगळ्या नाटकमंडळ्या आपल्याकडे होत्या, नाही असे नाही. पण त्यांना प्रतिष्ठा नव्हती. तेलुगू नाटकाच्या मुख्य प्रवाहातही तेच. तिथले बालगंधर्व म्हणजे तेनालीचे स्थानम नरसिंहराव. त्यांची सत्यभामा अजून लोकांच्या तोंडी आहे. १९१३ साली फाळक्यांनासुद्धा ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली ती अण्णा साळुंके यांच्या रूपात. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, उभ्या राहिल्या. त्या मायलेकींना समाजाने काय ऐकवले असेल, ते वेगळे सांगायला नको.

मग सुरभीच्या बायकांना हे कसे जमले? मला यात सुधारणेपेक्षा व्यवसायाची रीत अधिक दिसते. बाहुल्यांच्या खेळात सीतेचा, द्रौपदीचा आवाज घरातल्या बायकाच काढत, गाणीही त्याच म्हणत. बाहुली गेली तेव्हा आवाजाची मालकीण पुढे आली, इतकेच. शिवाय मंडळी म्हणजेच कुटुंब. राजाची भूमिका करणारा राणीचा नवरा, भाऊ नाहीतर सासरा असायचा. बाहेरच्या परपुरुषांत बाई वावरली, असे म्हणायची सोयच नव्हती. बिऱ्हाड रंगमंचामागे, चूल तिथेच, पाळणा तिथेच. आपल्याकडे ‘घरंदाज बाई रंगभूमीवर येऊ शकते का’ यावर लेखांमागून लेख पडत होते. या भटक्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांत घर आणि रंगभूमी या दोन वेगळ्या जागाच नव्हत्या.

कमलाबाईंचा जन्म १९०७चा, आणि तोही रंगमंचावरचा. आई दमयंतीची भूमिका करत होती, पूर्ण दिवस भरलेले. प्रयोगातच कळा सुरू झाल्या, पडदा पाडला गेला आणि प्रेक्षक समजले की हाही नाटकाचाच भाग. खरे कळल्यावर त्यांनी रंगमंचावर भेटींचा पाऊस पाडला. तेलुगू सिनेमाच्या इतिहासात ही कथा हटकून येते. पुन्हा पुन्हा सांगून तिला थोडे तेज चढले असेल. पण जिथे बिऱ्हाडच रंगमंचामागे, तिथे असे होण्यात अशक्य काही नाही. लहानपणी त्या कृष्ण आणि प्रल्हाद करत असत, असे सांगतात. म्हणजे सिनेमात ज्या प्रल्हादाची आई झाल्या, ती संहिता त्यांना आतून-बाहेरून पाठ होती.

आणि १९३१ साली नेमके हेच पाठांतर लाखमोलाचे ठरले. १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटातल्या कितीतरी सुंदर चेहऱ्यांची अडचण झाली. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. नटीने कॅमेऱ्यासमोर बोलायचे आणि गायचेही स्वतःच. वादक झाडामागे नाहीतर सेटच्या आड लपलेले, मायक्रोफोन कुठेतरी झाकलेला. एक शब्द चुकला की आख्खे रीळ पुन्हा. स्टुडिओ आवाजबंद नसत. ‘आलम आरा’चे बरेच चित्रण तर रेल्वेच्या आवाजामुळे रात्री करावे लागले. अशा वेळी खणखणीत आवाजाची, सुरात गाणारी, न अडखळता पानेच्या पाने म्हणणारी माणसे हवी होती, आणि ती फक्त नाटकात मिळत. दिग्दर्शक एच. एम. रेड्डी यांनी आधी ‘कालिदास’ केला होता. त्यात तमिळ आणि तेलुगू यांची खिचडी होती. आता पूर्ण तेलुगू चित्रपटासाठी त्यांनी धर्मवरम रामकृष्णमाचार्युलूंचे गाजलेले प्रल्हादनाटक उचलले आणि लीलावतीसाठी सुरभीच्या कमलाबाईंना मुंबईत आणले. गाणी होती खम्ममकडच्या चंदाला केशवदासु यांची. हिरण्यकशिपू झाले मुनिपल्ले सुब्बय्या. गुरुगृहातल्या एका मठ्ठ शिष्याच्या भूमिकेत एक तरुण होता, त्याचे नाव एल. व्ही. प्रसाद.

तेलुगू लोक बरीच वर्षे या चित्रपटाची तारीख १५ सप्टेंबर १९३१ मानत. रेंटाला जयदेव या पत्रकाराने सेन्सॉरच्या नोंदी आणि जुनी वर्तमानपत्रे चाळून ती खोडून काढली. प्रमाणपत्र २२ जानेवारी १९३२चे, प्रदर्शन ६ फेब्रुवारीचे. त्यांच्या या चिकाटीमुळेच आपल्याला हा शनिवार हाती लागतो.

आता त्याच दिवसाची दुसरी राणी. दुर्गाबाई नाटकातून आल्या नव्हत्या. गिरगावातल्या लाड सॉलिसिटरांची मुलगी, कॅथेड्रल शाळा आणि सेंट झेवियर्स कॉलेज, सासर श्रीमंत खोट्यांचे. मग सासरची परिस्थिती ढासळली, पदरात दोन मुले. ‘फरेबी जाल’मध्ये छोटेसे काम केले तेव्हा नातेवाइकांत गहजब झाला. तरीही प्रभातच्या शांतारामबापूंनी त्यांना कोल्हापूरला नेले आणि गोविंदराव टेंब्यांच्या हरिश्चंद्रासमोर उभे केले. नंतरचे सगळ्यांना माहीत आहे : ‘अमर ज्योती’तली सौदामिनी, कोणत्याही एका कंपनीच्या पगारावर न राहता हव्या त्या कंपनीत काम करण्याची हिंमत, ‘भरत मिलाप’मधली कैकेयी, ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई, ‘बॉबी’तली आजी. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. पुढे ‘वागळे की दुनिया’ ही मालिकाही त्यांच्याच संस्थेने काढली.

दुर्गाबाईंचे मोठेपण मी कमी करत नाही. ज्या घरातून त्या आल्या तिथून बाहेर पडायला काय लागले असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पण ‘बायकांसाठी सिनेमाचे दार दुर्गाबाईंनी उघडले’ असे आपण सरसकट म्हणतो, ते पुरते खरे नाही. त्यांनी दार उघडले ते पांढरपेशांसाठी. त्याच दिवशी दुसऱ्या थिएटरात जी बाई गात होती, तिच्या घराण्यात ते दार कधी बसवलेलेच नव्हते. आपल्या सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांना कुलीनतेचे कौतुक फार, म्हणून आईच्या पोटातून थेट रंगमंचावर आलेली बाई त्यांच्या नजरेत भरत नाही.

त्यात नशिबाचाही हात आहे. ‘अयोध्येचा राजा’ टिकला. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात तो आहे आणि भारतातला सर्वांत जुना उपलब्ध बोलपट म्हणून ओळखला जातो. ‘भक्त प्रह्लाद’ची प्रत कुठेच उरलेली नाही. लीलावती कशी दिसत होती, कशी गात होती, हे पाहण्या-ऐकण्याचा मार्ग बंद झाला. त्या दोन चित्रपटांतल्या मंडळींत फाळके पुरस्काराचे तीन मानकरी निघाले : तो मठ्ठ शिष्य एल. व्ही. प्रसाद १९८२चे, दुर्गाबाई १९८३च्या, शांताराम १९८५चे. प्रसादांनी नंतर मद्रासेत जे साम्राज्य उभारले ते पाहता हा मान रास्तच. कमलाबाईंच्या वाट्याला तेलुगू सिनेमाच्या पुस्तकातले पहिले पान आले, तेवढेच.

त्या पानानंतरही त्या थांबल्या नाहीत. मुंबईच्या सागर कंपनीने १९३२ सालीच आणखी दोन तेलुगू चित्रपट काढले, दोन्ही सर्वोत्तम बदामींच्या दिग्दर्शनाखाली. ‘पादुका पट्टाभिषेकम्’मध्ये कमलाबाई सीता आणि ‘शकुंतला’मध्ये शकुंतला. १९३३ साली ‘पृथ्वीपुत्र’. मग बरीच वर्षे मुंबईत राहून त्यांनी हिंदी चित्रपटांतही कामे केली. मुंबईच्या रस्त्यावरची मराठी ऐकून त्यांना काय वाटत असेल, असा विचार मनात येतो. घरातली बोली अडीचशे वर्षांपूर्वीच्या वळणाची, आणि बाहेर लालबाग-परळची.

मद्रासला परतल्यावर त्या चरित्रभूमिकांकडे वळल्या आणि १९५१ साली ‘पाताळ भैरवी’ आला. विजया प्रॉडक्शन्सचा, के. व्ही. रेड्डींचा हा चित्रपट तेलुगू माणूस अजून पारायण केल्यासारखा पाहतो. माळ्याचा पोर तोटा रामुडू, म्हणजे एन. टी. रामाराव, राजकन्येच्या प्रेमात पडतो आणि एस. व्ही. रंगारावांच्या नेपाळी मांत्रिकाच्या जाळ्यात सापडतो. या रामुडूची भाबडी, काळजीने कावलेली आई म्हणजे कमलाबाई. जानेवारी १९५२मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तेव्हा दक्षिणेतून हा एकच चित्रपट निवडला गेला. म्हणजे ‘भक्त प्रह्लाद’ला वीस वर्षे पुरी होत असताना कमलाबाई पुन्हा मुंबईच्या पडद्यावर आल्या, या वेळी राणी म्हणून नव्हे, माळीण म्हणून. ज्यांना त्यांना पाहायचे आहे त्यांनी हाच चित्रपट शोधावा, तो सहज मिळतो. त्यांची शब्द फेकण्याची तऱ्हा कान देऊन ऐका. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोहोचवण्याची नाटकातली सवय मायक्रोफोनच्या वीस वर्षांनंतरही गेलेली नाही.

सुरभीच्या मंडळ्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. त्यांतली एक हैदराबादच्या लिंगमपल्ली भागात वसाहत करून आहे. तिचे प्रमुख रेकंदार नागेश्वरराव, ज्यांना सगळे सुरभि बाबजी म्हणत, यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये ते गेले. कन्नड रंगभूमीचे ब. व. कारंत या मंडळींना घेऊन तीन नाटके बसवून गेले. मराठीतून असा कोणी तिकडे गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि ही गोष्ट मला खटकते. आदिलाबादहून हैदराबादला जाणारी गाडी एका रात्रीत पोहोचते.

पुढच्या आठवड्यात आरे लोकांच्या बोलीकडे वळू : ती वऱ्हाडीला किती जवळची, तेलुगूने तिच्यात काय काय बदलले, आणि सिरपूरकडच्या घरांत ती आज कोणत्या पिढीपर्यंत बोलली जाते.