पडदा जुनाच, पेटी नवी

आमच्या अंबाजोगाईच्या घरात एक ३२ इंची टीव्ही आहे. २०१३ साली माझ्या थोरल्या भावाने तो आणला. भाऊ आता नाही. टीव्ही आहे, आणि अजून चित्र स्वच्छ दाखवतो. गेल्या ईदला मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, "अब्बा, हा काढून टाकू. नवा स्मार्ट टीव्ही घेऊ, त्यात इंटरनेटवरचं सगळं दिसतं." अम्मा पलंगावरून ऐकत होती. आमच्या घरात दखनी बोलतात. ती म्हणाली, "चलरा ना अच्छा! कायकू बदलते?" विषय तिथेच संपला. भावाने आणलेली वस्तू ती घराबाहेर जाऊ देणार नव्हती.

पण तिची एक इच्छा होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावरचे तिला दिसत नाही. बातम्या, जुन्या कव्वाल्या तिला टीव्हीवर हव्या होत्या. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भावाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आम्ही पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आहे, ती तिला मोठ्या पडद्यावर पाहायची होती. म्हणजे टीव्ही तोच ठेवायचा आणि त्याला नव्या गोष्टी शिकवायच्या.

मी पडलो कवितेचा माणूस. मात्रा मोजता येतात, मेगाबिट कधी मोजले नव्हते. तीन महिन्यांत दोन चुका केल्या आणि तिसऱ्यांदा जमले. त्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे सांगणे.

आधी 'स्ट्रीमिंग' म्हणजे काय ते समजून घेऊ. आमच्या बीड जिल्ह्याला पाण्याची भाषा लवकर कळते. सगळा हंडा भरून घरात आणून ठेवायचा आणि मग प्यायचे, हे झाले डाउनलोड. नळाला थेट ओंजळ लावायची, ते स्ट्रीमिंग. नळाची धार कमी-जास्त होते, म्हणून यंत्र नळाखाली एक छोटी घागर ठेवते आणि त्यातून आपल्याला पाजते. या घागरीला बफर म्हणतात. पडद्यावर गोल गोल चक्र फिरू लागले की समजावे, घागर रिकामी झाली.

पूर्वी ही धार आकाशातून येई. अंबाजोगाईला दूरदर्शनचा मनोरा होता. छपरावरचा अँटेना त्याच्याकडे वळवला की चित्र दिसे. ते जुने अॅनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने आता देशभर जवळजवळ बंद केले आहे. आता धार तारेतून येते. बीड शहराला रेल्वे मिळाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. इंटरनेटची काचेची तार त्याच्या कितीतरी आधी आली. आमच्याकडे माणसांपेक्षा चित्रांना लवकर वाट मिळाली म्हणायची.

स्मार्ट टीव्ही म्हणजे दोन वस्तू एकात: एक पडदा आणि त्याच्या पोटात एक छोटा संगणक. पडदा दहा-पंधरा वर्षे सहज टिकतो. संगणक मात्र पाच-सात वर्षांत म्हातारा होतो, कारण त्याला नवी ॲप झेपत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या टीव्हींवर दिसणे बंद केले. ते टीव्ही बिघडलेले नव्हते, फक्त वयस्कर झाले होते. म्हणून पडदा चांगला असेल तर पडदा बदलू नये, बाहेरून नवा संगणक जोडावा. हा संगणक बोटभर काडीच्या रूपात मिळतो, त्याला स्टिक म्हणतात. किंवा तळहाताएवढ्या पेटीच्या रूपात मिळतो, तो बॉक्स. नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर साधारण तीन ते सहा हजार रुपयांत काम होते.

दुकानात जाण्यापूर्वी टीव्हीच्या पाठीमागे जा. तिथे एचडीएमआय लिहिलेली चपटी खाच आहे का पाहा. असेल तर कोणतीही स्टिक किंवा बॉक्स लागेल. फक्त पिवळी, पांढरी, लाल अशी तीन गोल भोके असतील, तर मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. तेवढे करूनही चित्र धूसर येते आणि काही ॲप चालायला नकार देतात. अशा वेळी दुरुस्तीपेक्षा नवा टीव्हीच परवडतो.

दुसरे, पडद्यावर ठिपके किती आहेत ते पाहा. दुकानदार 'फोर-के घ्या' म्हणतो. फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. आमच्या ३२ इंची जुन्या टीव्हीवर आहेत १३६६ आणि ७६८. शेर मापाच्या भांड्यात पायली ओतून काय उपयोग? ज्याचा पडदा साधा, त्याने साधे यंत्र घ्यावे आणि उरलेले पैसे इंटरनेटसाठी ठेवावेत.

तिसरी गोष्ट त्या इंटरनेटचीच. फुल एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिटची धार लागते, फोर-केला १५ किंवा त्याहून जास्त. घरात तारेचे ब्रॉडबँड असेल तर काळजी नाही. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणार असाल तर हिशेब करा. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खाऊ शकते, साधे चित्र १ जीबीपर्यंत. रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा. म्हणजे सिनेमाचे मध्यंतर व्हायच्या आत पॅक संपला. हॉटस्पॉटवाल्यांनी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा मुद्दाम कमी ठेवावा. मॉडेम एका खोलीत आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल, तर वाय-फायच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्‌झची भिंती ओलांडून दूर जाते. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान असते, पण भिंतीपाशी थकते. आमच्या घराच्या भिंती दगडी. आम्हाला पहिलीच मानवली.

आता माझ्या चुका. पहिली चूक स्वस्ताईची. बाजारात एक बिननावाचा बॉक्स मिळाला. 'सगळे चॅनल फुकट, आयुष्यभर' असे विकणारा म्हणाला. घरी आणला तर सिनेमा धूसर दिसे, आणि न मागितलेल्या जाहिराती आपोआप उघडत. मुलाने फोनवर कारण सांगितले. सिनेमांच्या मालकांनी चित्राला एक कुलूप घातलेले असते, त्याचे एक नाव वाइडवाइन. त्याची वरच्या दर्जाची किल्ली मान्यताप्राप्त यंत्रालाच मिळते. बाकीच्यांना मोठी ॲप कमी दर्जाचे चित्र देतात. ही गोष्ट एक वेळ सोडून देऊ. पण अशा बिनमान्यतेच्या बॉक्सांत कारखान्यातूनच चोर बसवलेले सापडले आहेत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या नावाने लोकांना सावध केले. जगभरातली अशी लाखो यंत्रे परक्यांच्या ताब्यात गेली होती. घरातल्या ज्या वाय-फायवर आपण मोबाइलने बँकेचे व्यवहार करतो, त्याच वाय-फायवर हा पाहुणा बसलेला असतो. मी तो बॉक्स काढून ठेवला. पैसे गेले.

दुसरी चूक घाईची. मग नामांकित कंपनीची स्टिक आणली. वस्तू चांगली, पण अर्ध्या तासाने बंद होऊन पुन्हा सुरू होई. कारण मीच होतो. सोबत आलेला चार्जर बाजूला ठेवून मी तिला टीव्हीच्याच यूएसबी खाचेतून वीज दिली होती. जुन्या टीव्हीची ती खाच साधारण अर्धा अँपिअर देते. स्टिकला लागतो एक. अर्ध्या भाकरीवर दिवसभर राबवल्यासारखे ते झाले. चार्जर भिंतीतल्या प्लगला लावला आणि तक्रार मिटली.

मग अम्माने पेन ड्राइव्ह पुढे केला. "अब वो लगा." मी स्टिक उलटसुलट करून पाहिली. पेन ड्राइव्ह लावायला तिला जागाच नव्हती. टीव्हीला स्वतःची खाच होती, पण त्याला फोटो आणि गाणी कळत, ही फिल्म कळेना. मुलगा म्हणाला, यूट्यूबवर खासगी ठेवून देतो. तसे केलेही. दोन दिवसांनी रस्त्याचे काम निघाले, जेसीबीने तार तोडली आणि आठवडाभर इंटरनेट नव्हते. त्या आठवड्यात अम्माने तीनदा विचारले.

तेव्हा मला कळले की मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. यंत्रात काय काय आहे हे मी विचारत होतो. घरातल्या माणसाला काय पाहायचे आहे, हे आधी विचारायला हवे होते. ज्यांना फक्त मालिका आणि सिनेमे पाहायचे, त्यांना स्टिक पुरते. ब्रॉडबँडबरोबर कंपनीचाच बॉक्स मिळत असेल तर तोही चालतो. मात्र जोडणी सोडली की तो परत करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. ज्यांना फक्त बातम्या आणि सह्याद्री वाहिनी हवी, त्यांना यातले काहीच नको. डीडी फ्री डिशला दरमहा पैसे पडत नाहीत. आणि ज्यांच्याकडे घरचे चित्रण आहे, त्यांनी यूएसबी खाच असलेला मान्यताप्राप्त बॉक्स घ्यावा. मी शेवटी तोच घेतला. स्टिक मुलगा पुण्याला घेऊन गेला.

एक सावधगिरी उरते. कोणतेही यंत्र कायमचे नाही. मार्च २०२५ मध्ये २०१५ सालच्या क्रोमकास्ट जगभर एकदम अडून बसल्या, कारण त्यांच्या पोटातल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तोवर हजारो घरांत चांगल्या वस्तू मुक्या होत्या. आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे. 'पंचीकरण' हा ग्रंथ त्यांनी कापडावर लिहिला. चारशे वर्षे झाली, ती अजून वाचता येते. तिला मुदत नाही. आपले लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे चित्रण मात्र एकाच ठिकाणी ठेवू नये. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक संगणकावर, एक इंटरनेटवर ठेवावी.

अम्माला रिमोटवरची तीनच बटणे येतात: सुरू, ठीक आणि थांब. थांब बटणावर नातीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला आहे. लग्नाची फिल्म सुरू झाली आणि भाऊ सेहरा बाजूला करून हसला की ती तो ठिपका दाबते. चित्र थांबते. ती बघत बसते.

परळीला वीज तयार होते, आणि शेजारी राहून आमची लाइट अधूनमधून जातेच. लाइट आली की बॉक्स पुन्हा सुरू होतो, पण फिल्म कुठे थांबली होती ते विसरून जातो. पहिल्यापासून लावावी लागते. मी तक्रार करतो. अम्मा करत नाही.