तेलाचा दाब आणि धावडा येथील एक गॅरेज
शर्यतीच्या इंजिनाला ॲक्युम्युलेटर कसा बसवतात. लहान कारागिरासाठी या कामात काय आहे

धावडा हे गावाचे नाव आहे, तसे ते एका झाडाचेही नाव आहे. धावड्याचे लाकूड चिवट. जुन्या काळी बैलगाडीचा आस या लाकडाचा करीत. गाडी लांबच्या पल्ल्याला निघाली की गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीला टांगून मगच बैल जुंपत असे. आस कितीही चांगला असला तरी कोरडा फिरला तर तो जळणार, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या या धावडा गावी आम्ही गेलो ते एका गॅरेजमधील काम पाहण्यासाठी. गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर, एक लेथ, एक ड्रिल मशीन, गॅसच्या वेल्डिंगचा संच आणि दारात उभे असलेले दोन ट्रॅक्टर. येथे रोजचे काम ट्रॅक्टर, जीप आणि पाण्याच्या इंजिनांचे. मात्र त्या दिवशी लाकडी ठोकळ्यांवर शर्यतीच्या एका लहान गाडीचे इंजिन उघडून ठेवलेले होते. उस्तादांचा भाचा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्याच्या गटाने स्पर्धेसाठी एक आसनी गाडी तयार केली आणि सरावाच्या दुसऱ्याच दिवशी इंजिन धरले.

"मामू, डिपस्टिकवर तेल पूर्ण होते. पंपही चांगला आहे. मग कॉन बेअरिंग जळाली कशी?" हा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मेकॅनिक बांधवाने समजून घेण्यासारखे आहे, म्हणून ते सविस्तर देत आहोत.

तेल असूनही बेअरिंग कोरडी का?

इंजिनाचे तेल खाली चेंबरमध्ये साठते. पंपाची सक्शनची जाळी त्या तेलात बुडालेली असते. पंप तेथून तेल ओढतो, फिल्टरमधून गाळून मेन गॅलरीत पाठवतो आणि तेथून ते मेन बेअरिंग व कॉन बेअरिंगपर्यंत पोहोचते. क्रँक आणि बेअरिंगचे शेल यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो व त्या थरावर क्रँक तरंगत फिरते. थर तुटला की धातू धातूला लागतो.

आता थाळीत पाणी घेऊन ती झटक्याने वळवून पाहा. पाणी एका कडेला चढते. शर्यतीची गाडी जोरात वळते तेव्हा चेंबरमध्ये हेच होते. वळणाचा जोर गाडीच्या वजनाएवढा झाला, ज्याला १ जी म्हणतात, तर तेलाची पातळी ४५ अंशांनी कलते. जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. दोन सेकंद दाब गेला म्हणजे क्रँक २०० फेरे जवळजवळ कोरडी फिरली. वळण संपल्यावर तेल परत येते, गेजचा काटा वर चढतो आणि चालकाला काही कळतही नाही. असे दहा-वीस वेळा झाले की बेअरिंग जाते.

भाच्याच्या गाडीत आणखी एक कारण होते. अशा विद्यार्थी गाड्यांना बहुधा मोटारसायकलचे इंजिन लावतात. चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारे केटीएम ३९० चे इंजिन आपल्या देशातील अनेक गटांनी वापरले आहे. मोटारसायकल वळताना स्वतः आत झुकते, त्यामुळे चेंबरमधील तेल जागच्या जागी राहते. तेच इंजिन चारचाकी गाडीत बसवले की झुकणे बंद होते आणि तेल कडेला पळते. इंजिन बनवणाऱ्याचा यात दोष नाही. ते दुसऱ्या कामासाठी बनवलेले आहे.

ॲक्युम्युलेटर म्हणजे काय?

ॲक्युम्युलेटर म्हणजे दाबाखाली तेल साठवणारे नळकांडे. आत एक सुटा पिस्टन असतो. पिस्टनच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला हवा. इंजिन चालू असताना पंपाचा दाब तेलाला नळकांड्यात ढकलतो आणि हवा आवळली जाते. पंपाचा दाब पडला की तीच हवा पिस्टनला मागे रेटते आणि साठवलेले तेल बेअरिंगकडे जाते. अमेरिकेतील कॅन्टन रेसिंग प्रॉडक्ट्स या कंपनीचा 'ॲक्युसम्प' हा या जातीचा प्रसिद्ध माल आहे.

किती तेल मिळते याचा हिशेब कारागिराला करता आला पाहिजे. नळकांडे ३ लिटरचे आहे आणि हवेच्या बाजूला आधी ८ पौंड दाब भरला आहे असे धरा. हिशेबात बाहेरच्या हवेचे १५ पौंड मिळवावे लागतात, म्हणून ८ चे २३ झाले. इंजिनाचा दाब ६० पौंड, म्हणजे ७५. हवा आवळून ३ गुणिले २३ भागिले ७५, अर्थात ०.९२ लिटर उरते, बाकी २.०८ लिटर तेल. दाब २० पौंडांवर, म्हणजे ३५ वर आला की हवा फुगून १.९७ लिटर होते. दोन्हींतील फरक १.०५ लिटर. एवढे तेल बेअरिंगला मिळाले. इंजिनाला मिनिटाला २० लिटर तेल लागत असेल तर हा साठा तीन सेकंद पुरेल. हवा झपाट्याने फुगताना थंड होते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच मिळते. १ लिटरच्या नळकांड्यातून याच्या एक-तृतीयांश मिळेल. वळण दोन-तीन सेकंदांचे असते, म्हणून हा उपाय चालतो. सतत कमी राहणाऱ्या दाबावर मात्र तो चालणार नाही.

बसवण्याची पद्धत

धावड्याच्या उस्तादांनी आधी नळकांड्याला हातच लावला नाही. त्यांनी चेंबर काढला आणि जाळीभोवती पत्र्याचे आडवे पडदे, म्हणजे बॅफल, बसवले. पडद्यांना आत उघडणारी लहान दारे ठेवली. तेल जाळीकडे येऊ शकते, पण झटक्याने बाहेर जाऊ शकत नाही. हे काम पत्रा, वेल्डिंग आणि अक्कल एवढ्यात होते. पहिला खर्च येथेच करावा. पुढचे टप्पे असे :

१) जोड : तेल गाळून झाल्यावर ज्या वाटेने ते मेन गॅलरीत जाते तेथे नळी जोडावी. अनेक इंजिनांत फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी चकती, जिला सँडविच प्लेट म्हणतात, वापरता येते. उस्तादांनी ती ॲल्युमिनियमची, लेथवर स्वतः काढली. जोडाच्या आधी, पंपाच्या बाजूला, एकाच दिशेने उघडणारा वॉल्व असावा. नाहीतर साठ्याचे तेल उलटे पंपाकडे पळते.

२) जागा : नळकांडे इंजिनाच्या शक्य तितके जवळ, आडवे, दोन मजबूत क्लॅम्पमध्ये पक्के धरावे. सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवावे. ते नळीवर लोंबकळता कामा नये.

३) नळी : आतील भोक अर्ध्या इंचापेक्षा कमी नको आणि तीव्र वळणे नकोत. गरम तेल व दाब सहन करणारी हायड्रॉलिक नळी, दाबून बसवलेल्या टोकांसह घ्यावी. पाण्याची रबरी नळी आणि पट्टीचा क्लिप येथे लावणे म्हणजे गाडीला आग लावणे होय.

४) वॉल्व : चालकाच्या हाताला येईल असा पाव फेऱ्यात उघडणारा बॉल वॉल्व, किंवा विजेवर चालणारा वॉल्व.

५) हवा : तेलाची बाजू पूर्ण रिकामी असताना ७ ते १० पौंड हवा भरावी. सायकलचा पंप आणि चांगला गेज पुरतो.

६) तेल : इंजिनात नेहमीएवढे तेल घालून ते सुरू करावे व वॉल्व उघडावा. नळकांडे भरले की चेंबरमधील पातळी उतरते. मग रेस वाढवून दाब चढवावा, वॉल्व बंद करावा, इंजिन बंद करावे आणि डिपस्टिक पाहून कमी झालेले तेल भरावे.

वापरण्याची शिस्तही चालकाला समजावून द्यावी. सुरू करण्यापूर्वी वॉल्व उघडायचा, गेजचा काटा वर आला की मगच स्टार्टर मारायचा. इंजिन फिरण्याआधीच बेअरिंग ओली होते, हा या साधनाचा दुसरा मोठा फायदा. थांबताना रेस ठेवून आधी वॉल्व बंद, मग इंजिन बंद. आमच्यासमोरच भाचा पहिल्या दिवशी हे विसरला. सारा साठा चेंबरमध्ये उतरला आणि पुन्हा वॉल्व न उघडता इंजिन सुरू होताच क्रँक तेल घुसळू लागली. फेस, धूर आणि सीलमधून गळती. अर्धा दिवस तेल काढण्यात गेला. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डवर रंगाने दोन ओळी लिहिल्या : 'आधी वॉल्व, मग स्टार्टर' आणि 'आधी वॉल्व, मग बंद'.

जिवाशी खेळ नको

येथे आम्ही हात जोडून एक गोष्ट सांगतो. आपल्या बहुतेक गॅरेजांत वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर हाताशी असतो. हवेच्या जागी तो कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. तसेच भंगारातील आग विझवण्याचे नळकांडे किंवा फ्रीजचा कॉम्प्रेसर कापून घरगुती ॲक्युम्युलेटर बनवू नका. दाबाचे भांडे तयारच घ्यावे. नळी व जोड यांची चाचणी तेल भरून, चालू दाबाच्या दीडपट दाबावर घ्यावी. हवेने चाचणी घेऊ नये. हवेखाली जोड सुटला तर तो गोळीसारखा उडतो.

हवेच्या वॉल्वमधून तेल येऊ लागले तर पिस्टनचे सील गेले असे समजावे व साधन उतरवावे.

गिऱ्हाइकाशी खरे बोलणे

आता व्यवसायाची बाजू. अशा गाड्या धावतात कोठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइंबतूरजवळ कारी मोटर स्पीडवे हे पक्के ट्रॅक आहेत. आपल्या राज्यात नाशिक परिसरात रॅली झाल्या आहेत, लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ वेगाच्या शर्यती झाल्या आहेत. त्याखेरीज महाविद्यालयांचे गट दरवर्षी गाड्या बांधतात आणि त्यांना लेथचे काम करून देणारा माणूस लागतो. ही गिऱ्हाइके थोडी आहेत, पण माप अचूक मागतात आणि चांगला हात विसरत नाहीत. काम घेण्यापूर्वी त्या वर्गाचे नियम वाचायला सांगावे. काही वर्गांत इंजिनात असा बदल चालत नाही.

आणखी एक मोह टाळावा. ट्रॅक्टर किंवा जीप घेऊन कोणी येईल आणि म्हणेल, "तेलाचा दिवा लागतो, ते नळकांडे लावून द्या." पंप झिजला असेल, बेअरिंग ढिली झाली असेल किंवा जाळी गाळाने बुजली असेल तर ॲक्युम्युलेटर काही करू शकत नाही. आधी यांत्रिक गेज लावून दाब मोजावा. घाटात दिवा लागतो म्हणून एका मेकॅनिकने दिव्याची वायरच काढून टाकल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मालक खूश झाला. महिन्याभरात क्रँक घासून २० साइजवर न्यावी लागली, नवे शेल, गॅस्केट, मजुरी आणि ऐन हंगामात गाडी उभी. हप्ते थकले ते वेगळेच. ज्याच्या विश्वासावर गाडी सोपवली त्यानेच चूक लपवली, ही बोच त्या मालकाच्या बोलण्यात आजही आहे. वंगणाचे काम डोळ्याआड चालते. गिऱ्हाईक चेंबर उघडून पाहू शकत नाही, म्हणून सांगण्याची जबाबदारी कारागिराची.

धावड्यात चौथ्या दिवशी गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात नेली. भाच्याने इंग्रजी आठाच्या आकारात फेऱ्या मारल्या. उस्ताद मैदानाच्या कडेला उभे होते. गेजसमोर मोबाइल बांधून चित्रीकरण लावले होते. पूर्वी प्रत्येक वळणात शून्याकडे पडणारा काटा आता थोडा हलून पुन्हा वर येत होता. उस्तादांनी ते चित्रीकरण तीनदा पाहिले. मग भाच्याला म्हणाले, "आज इंजिन थंड झाले की तेल काढ, फिल्टर कापून बघ. आत चमक दिसली तर स्पर्धेला जायचे नाही."

फिल्टर कापला. कागदाच्या घड्या एकेक करून उजेडात धरल्या. धातूचा कण नव्हता. उस्तादांनी नवा फिल्टर हाताने आवळला, फडक्याने ब्लॉक पुसला आणि दारातील ट्रॅक्टरकडे वळले. त्याचा मालक सकाळपासून वाट पाहत होता.