रिड्यूसर लावला तरी कोपऱ्यातले तारे ताणलेले? आधी अंतर तपासा!

टेलिस्कोपला कॅमेरा जोडून फोटो काढला. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, पण कोपऱ्यातले तांदळाच्या दाण्यासारखे लांबट! असं झालं की बरेच जण थेट नवा रिड्यूसर शोधायला लागतात. थांबा, खर्च करण्याआधी अंतर मोजा.

रिड्यूसर करतो काय?

८ इंची श्मिट-कॅसेग्रेन टेलिस्कोपची फोकल लेंग्थ २०३२ मिमी असते, म्हणजे एफ/१०. ०.६३ पटीचा रिड्यूसर लावला की ती साधारण १२८० मिमी, म्हणजे एफ/६.३ होते. फ्रेममध्ये आकाश जास्त मावतं आणि १० मिनिटांचं एक्सपोजर ४ मिनिटांत होतं.

अंतर कुठून कुठे मोजायचं?

रिड्यूसरच्या मागच्या बाजूपासून कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत. यालाच बॅकफोकस म्हणतात. सेलेस्ट्रॉनच्या एफ/६.३ रिड्यूसरसाठी हे अंतर १०५ मिमी आहे. आता साधी वजाबाकी करा:

- डीएसएलआर: टी-रिंग धरून ५५ मिमी जातात. उरलेल्या ५० मिमीसाठी अडॅप्टर लावा.
- अॅस्ट्रो कॅमेरा: सेन्सर १७.५ मिमी आत असेल, तर ८७.५ मिमीचे स्पेसर लागतील.
- फिल्टर: काचेच्या जाडीच्या एक तृतीयांश अंतर वाढवा. २ मिमी काच असेल तर सुमारे ०.७ मिमी.

चुकलंय हे कसं ओळखायचं?

चारही कोपऱ्यांतले तारे केंद्रापासून बाहेर पळत असल्यासारखे दिसले, तर बहुतेक वेळा सेन्सर जास्त जवळ आहे. केंद्राभोवती गोल फिरल्यासारखे दिसले, तर जास्त लांब. एकच बाजू बिघडली असेल, तर अंतर नाही, कॅमेरा तिरका बसलाय.

मोबाईलवरून पडताळणी

फोटो अॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर अपलोड करा. तिथे पिक्सेल स्केल मिळतं. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा आणि त्या स्केलने भागा. उत्तर म्हणजे तुमची खरी फोकल लेंग्थ, मिमीमध्ये. उदाहरणार्थ, ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ०.६०६ स्केल असेल, तर उत्तर जवळपास १२८०. आकडा बराच कमी आला तर सेन्सर लांब आहे, जास्त आला तर जवळ.

फरक दिसला तर एका वेळी १ मिमीचाच स्पेसर बदला, पुन्हा फोकस करा आणि मगच पुढचा फोटो घ्या. ढग नसलेली अमावास्येची रात्र रोज मिळत नाही, त्यामुळे ही मोजामोज दिवसा घरीच उरकून ठेवा!