बिनचेंडूचे शिलेदार

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये पायाचे काम थोडे, हाताचे फार. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे, नाहीतर पुढे फेकायचा. टाळ्या पडतात त्या फेकणाऱ्याला आणि पळणाऱ्याला. पण त्यांच्यापुढे पाच अगडबंब गडी ओळीने उभे असतात. मधला चेंडू मागे देतो, तेवढाच त्यांचा चेंडूशी संबंध. बाकी काम एकच, समोरच्याला अडवणे. तेही पकडून, ओढून नव्हे. तसे केले तर दहा यार्डांचा दंड.

मी आयुष्य बँकेत काढले. संध्याकाळी रोकड जुळली की कॅशियरची कुणाला आठवण नसते; शंभराची नोट कमी भरली की सारी शाखा त्याच्याभोवती! या पाचजणांचेही तसेच. फक्त इथे भिंत फुटली की मागच्याच्या हाडांवर बेतते. १९८५ साली वॉशिंग्टनच्या जो थाइजमनला विरोधकांनी गाठले, त्याचा पाय मोडला आणि कारकीर्द तिथेच संपली.

ही भिंत बांधायची कशी? जॉर्डन मायलाटाचेच पाहा. हा सिडनीचा रग्बीपटू. २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला निवडले ते सातव्या फेरीत, २३३ वा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळलेला नव्हता. रग्बीत चेंडू हाती नसलेल्याला अडवणे हा गुन्हा. इथे तीच नोकरी! तिथे पुढे मुसंडी मारायची. इथे चेंडू फेकला जाईपर्यंत मागे सरकत धडका झेलायच्या.

त्याला गुरू लाभले जेफ स्टाउटलंड. या विद्येची मुळाक्षरे साधी दिसतात. कंबर खाली, पावले आखूड, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने. पाऊल वीतभर चुकले तरी दीडशे किलोंचा देह कुचकामी. पुढे जोडीचे काम. दोघांनी मिळून एकाला रेटायचे, आणि नेमक्या क्षणी एकाने सुटून मागच्याला गाठायचे. कबड्डीतल्या साखळीसारखेच, एकाचा हात सुटला की संपले. हे सगळे अंगवळणी पडेपर्यंत घोटायचे.

पहिले दोन हंगाम मायलाटा एकही सामना खेळला नाही. पाठीनेही त्रास दिला. २०२० मध्ये तो मैदानात उतरला आणि टिकला. २०२४ च्या हंगामात याच फळीमागून सेक्वॉन बार्कली २,००५ यार्ड धावला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवून सुपर बोल जिंकला. सामन्याआधी खेळाडू आपले कॉलेज सांगतात. मायलाटा सांगतो, ‘जेफ स्टाउटलंड विद्यापीठ’.

मला त्या विजयापेक्षा ती कोरी दोन वर्षे मोलाची वाटतात. धिप्पाड देह आईबापांकडून मिळतो. पाऊल कुठे टाकायचे हे शिकवायला गुरू लागतो, आणि तोवर थांबायची तयारी असलेली माणसे लागतात. महिन्याच्या चाचणीतल्या गुणांवर पोराचे भविष्य ठरवणाऱ्या आपल्या घरांत ती किती सापडतील?