ऐरण वाचताना

भंगाराच्या काट्यावर ऐरणीला वजनाखेरीज दुसरी किंमत नसते. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, एखाद्या तालुक्याच्या गावी मोडीच्या ढिगात ऐरणी, सांडश्या, घण, हाताने फिरवायचे भाते आजही सापडतात आणि किलोच्या भावाने वितळायला जातात. अलीकडे त्यांना वेगळे गिऱ्हाईक भेटू लागले आहे : नोकरीधंदा सांभाळून हौसेने लोहारकाम शिकणारे. मीही त्यांतलाच. जुने अवजार हाती आले की या मंडळींचा पहिला उद्योग ते नव्यासारखे चकचकीत करण्याचा असतो. माझे म्हणणे असे, की अवजार आधी वाचावे, मग घासावे. आणि पुष्कळदा घासूच नये. आपल्याकडच्या लोहाराने आपली विद्या कागदावर उतरवली नाही. ती उतरली अवजारांच्या झिजेत आणि कामाच्या शब्दांत.

एक शिंग असलेली इंग्रजी ऐरण घ्या. रेल्वेच्या व कारखान्यांच्या काळात अशा कितीतरी ऐरणी इकडे आल्या. डडली गावच्या पीटर राइटचे नाव त्यांवर आढळते. अशा ऐरणीच्या कुशीवर बहुधा तीन आकडे ठोकलेले असतात, मधे अंतर सोडून. तो क्रमांक नव्हे, वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पावाचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० असे असेल तर ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. काट्यावर त्याहून बरेच कमी भरले, तर कुणीतरी तिच्यावर यंत्र फिरवले आहे असे समजावे. कारण तिचे अंग मऊ घडीव लोखंडाचे आणि वर पोलादाची पट्टी जोडलेली, जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाची. सगळी करामत त्या पट्टीत. खड्डे घालवण्यासाठी ती खरवडली, की उरते ते दिसायला सपाट आणि कामाला मेलेले लोखंड. परीक्षा सोपी आहे. बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून सोडावी. सात-आठ इंच उसळली तर ऐरण जिवंत आहे. मग मधे थोडी खोलगट असली तरी चालते. वाकडी पट्टी सरळ करायला तो खोलगटपणा उपयोगीच पडतो. शिंगाजवळची गोल झालेली कडही मोडलेली समजू नये. जाणता लोहार ती मुद्दाम गोल ठेवतो, कारण धारदार कडेवर लोखंड वाकवले की तिथे खाच पडते आणि पुढे तिथेच ते तुटते.

आपल्या गावातल्या लोहाराची ऐरण निराळी : चौकोनी, ठेंगणी, ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेली. तो बसून काम करतो. इंग्रजी पद्धतीत माणूस उभा असतो आणि हात सैल सोडला असता मुठीची पेरे जिथे येतात तेवढ्या उंचीवर ऐरण बसवतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी पुऱ्या आहेत, पण त्यांची मिसळ चालत नाही. बसून मारायच्या हातोड्याचा दांडा आखूड असतो. तो घेऊन उभ्याने काम केले तर कंबर जाते. म्हणून बाजारात हातोडा घेताना दांडा असला तर त्याची लांबी मोजावी. मोडका असला तरी फेकू नये. नवा बाभळीचा घालताना तेच माप उपयोगी पडते.

झीज वाचायला शिकवणारी माणसे मात्र पुस्तकात नाहीत. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची जी व्यवस्था दिसते, तिच्यातला लोहार फाळ-कुऱ्हाडीच्या बदल्यात धान्य घेई. लाकडी नांगर गेला, गाडीच्या चाकाला लोखंडी धावेऐवजी रबर आले, आणि तो व्यवहार संपला. रस्त्याकडेला पालाशेजारी भाता लावणारे घिसाडी अजून भेटतात. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो, दुसऱ्या हातात लहान हातोडी. समोर बाई घण घेऊन उभी. हातोडी जिथे टिचकी मारते तिथेच घण पडतो. एक शब्द बोलला जात नाही. ‘घण मारायला फक्त ताकद लागते’ असे ज्याला वाटते त्याने अर्धा तास हे पाहावे. त्या बाईला लोखंडाचा ताव नवऱ्याइतकाच कळत असतो. कामाची तारीफ करणारे तिला मदतनीस म्हणतात, हे मला पटत नाही.

आता शब्दांकडे. हत्याराला ‘पाणी देणे’ म्हणजे तापवून बुडवणे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. खरे तर त्यात दोन कामे आहेत. लोखंड लाल होऊन चुंबक चिकटेनासे झाले, की ते ७७० अंशांच्या पुढे गेले. आणखी किंचित तापवून बुडवले की पोलाद कडक होते, पण काचेसारखे ठिसूळ. ट्रकच्या कमानीचा पाटा हौशी लोक हमखास वापरतात. तो पाण्यात बुडवला तर तडकू शकतो, त्याला तेल बरे. दुसरे काम ठिसूळपणा काढण्याचे. जुना कारागीर छिन्नीचे फक्त टोक बुडवतो, दगडावर चटकन घासून उजळ करतो आणि बघत बसतो. मागच्या भागातली उष्णता टोकाकडे सरकते आणि उजळ पृष्ठावर रंग चालू लागतात : २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, २८०ला जांभळा, ३००च्या सुमारास निळा. चाकूला पिवळा पुरतो, छिन्नीला जांभळा हवा. हवा तो रंग टोकाशी आला की पुन्हा बुडवायचे. ‘पाणीदार’ माणूस आणि ‘पाणी जोखणे’ हे प्रयोग आपण सर्रास करतो. भट्टीशी बसलेल्याला ते पाणी डोळ्यांनी दिसते.

जुन्या मालाबाबत दोन सूचना. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नये. त्याच्या धुराने ताप भरतो आणि बेत जिवावरही बेतू शकतो. जुन्या छिन्नीचे डोके छत्रीसारखे फुलले असेल तर ती फुललेली कड मात्र जरूर घासून काढावी, नाहीतर तिचा तुकडा उडून डोळ्यात जातो. आणि ऐरण म्हणून रुळाचा तुकडा घेणार असाल तर पावती मागावी : रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६चा कायदा आहे, आणि भंगारवाला तो आपल्याला सांगणार नाही.

घिसाड्याकडे शिकायला जाताना दिवसाची मजुरी आधी ठरवून हातावर ठेवावी. आपण त्याच्या ऐरणीवर दोन तास घालवतो तेव्हा त्याचे दहा विळे राहतात. आपली हौस हे त्याचे पोट आहे, जातीने त्याच्या वाट्याला आलेले, आणि त्याच्या मुलाला ते नकोसे झाले असेल तर त्यात नवल नाही. मुलगा शाळेत गेला म्हणून हळहळणारे पाहुणे त्याने पुष्कळ पाहिले आहेत. आपली जुनी सांडशी त्याच्यासमोर ठेवावी आणि हिच्या तोंडात कोणत्या जाडीची सळई बसत असेल, एवढेच विचारावे. तो ती हातात घेऊन दोनदा उघडझाप करतो आणि माप सांगतो.